तात्यांची चार वर्षं कुणी मोजली?

“चार वर्षं म्हणजे चार वर्षं. भावनेच्या भरात माग विकू नका.”

तात्यांच्या आजारावर घरात बैठक बसली, तेव्हा आमच्या एका पाहुण्यांनी हे वाक्य टाकलं आणि पुढं कुणाला काही बोलताच आलं नाही. पाहुणे शिकलेले आहेत, मनानं चांगले आहेत, अडीनडीला धावून आलेले आहेत. म्हणून तर त्यांचा शब्द घरात चालतो. त्या रात्री मीही गप्प बसलो, कारण उत्तर द्यायला माझ्याकडं काही नव्हतं. पुढचे तीन महिने मी तात्यांची फाईल घेऊन फिरलो, डॉक्टरांना विचारत राहिलो, मिळेल ते वाचलं. आता उत्तर आहे, आणि ते पाहुण्यांपुरतं ठेवण्यासारखं नाही. हे ‘चार वर्षं’ प्रकरण फक्त आमच्याच घरात घडत असेल असं मला वाटत नाही.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. वय ६१. कबनूरला घरामागच्या शेडमध्ये चार माग, खर्चीवाले. व्यापाऱ्याचं सूत आणायचं, विणून द्यायचं, पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी घ्यायची. गेल्या वर्षभरात पँट कमरेला सैल व्हायला लागली, पण पोटाच्या डाव्या अंगाला मात्र जड वाटायचं. मागाखाली वाकून तुटलेला धागा जोडताना दम लागायचा. वजन ६२ वरून ५४ किलोवर आलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.१. पानथरी बरगडीच्या खाली चांगली चार बोटं आलेली. मगज तपासायला कमरेच्या हाडात सुई घातली, तर सिरिंजमध्ये काही आलंच नाही. मगजाच्या जागी तंतूंचं जाळं झालं की असं होतं. मग हाडाचा बारीक तुकडा काढला, त्यावरून निदान झालं, आणि जेएके-२ या जनुकातल्या दोषाची चाचणीही पॉझिटिव्ह आली. मायलोफायब्रोसिस. एका दवाखान्यात कुणीतरी मोबाइलवर दोन-चार आकडे भरले, “सरासरी चार वर्षं” म्हणून सांगितलं आणि काकूंच्या हातातल्या रिपोर्टच्या पाकिटावर मागं बॉलपेननं लिहून दिलं : ४ वर्षे. त्या रात्री बैठकीत ते पाकीट मधोमध ठेवलं होतं. तात्या शेजारच्या खोलीत झोपलेले होते, किंवा झोपल्यासारखे पडले होते.

तर पाहुणे, आधी हा आकडा आला कुठून ते पाहू.

बार्सिलोनाचे फ्रान्सिस्को सर्व्हांतेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली सात केंद्रांतल्या १,०५४ रुग्णांच्या नोंदी तपासून एक गुणपद्धती बसवली. पाच गोष्टी बघायच्या : वय ६५ च्या वर, हिमोग्लोबिन १० च्या खाली, पांढऱ्या पेशी २५ हजारांच्या वर, रक्तात अपक्व पेशी एक टक्का किंवा जास्त, आणि अंगावरची लक्षणं, म्हणजे घटलेलं वजन, ताप, घाम. ही पद्धती फक्त निदानाच्या वेळेसाठी होती. दुसऱ्याच वर्षी इटलीतल्या फ्रान्चेस्को पासामोंती यांनी ५२५ रुग्णांच्या नोंदींवरून तीच सुधारली. आजारात केव्हाही वापरता यावी म्हणून ती केली आणि हिमोग्लोबिनला एकाऐवजी दोन गुण दिले. तात्यांचे दोन गुण हिमोग्लोबिनचे आणि एक लक्षणांचा, एकूण तीन. तीन-चार गुणवाल्यांचा गट म्हणजे वरची मध्यम पातळी, आणि त्या गटाचा मध्यक चार वर्षं. पाकिटावर लिहिलेले ते हे चार.

ही सरासरी नाही, मध्यक आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगतो. शंभर कांड्या एकाच वेळी मागावर चढवल्या आणि पन्नासावी संपली ती वेळ टिपली, तर त्या वेळी पन्नास कांड्यांवर सूत शिल्लक असतं. त्यातल्या काही लगेच संपतील, काही बराच वेळ चालतील. पन्नासावीची वेळ बघून साठावीवरचं सूत कापून टाकणारा कामगार तुम्ही कधी पाहिलात का? तात्या चौथे आहेत, पन्नासावे आहेत की नव्वदावे, हे त्या पद्धतीला ठाऊक नसतं, आणि ती बसवणाऱ्यांनी तसा दावाही केलेला नाही. दावा आपण केला, बैठकीत.

आता ते शंभर कोण होते ते बघा. पहिल्या पद्धतीतले रुग्ण युरोप-अमेरिकेतले, १९८० ते २००७ या काळात निदान झालेले; दुसरी पद्धतीही २०१० सालचीच. रुक्सोलिटिनिब हे या आजारावरचं पहिलं नेमकं औषध अमेरिकेत मंजूर झालं नोव्हेंबर २०११ मध्ये. म्हणजे ज्या काळात ते औषध कुणाला मिळणारच नव्हतं, त्या काळातल्या माणसांच्या आयुष्याचा हिशेब तात्यांच्या पाकिटावर आला. या औषधानं मगज मूळचा होत नाही, हे मी मान्य करतो. पानथरी उतरते, घाम आणि खाज कमी होते, माणूस जेवायला लागतो. आयुष्य किती वाढतं यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. पण जुन्या काळचा आकडा आजच्या माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, यावर वाद नाही.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र हिमोग्लोबिनवर आहे, आणि तिथं मी जरा थांबणार आहे.

लक्षणांचा एक गुण आहे असं धरा. हिमोग्लोबिन १०.१ असेल तर त्याचे गुण शून्य, बेरीज एक, आणि त्या गटाचा मध्यक १४.२ वर्षं. हिमोग्लोबिन ९.९ झालं की दोन गुण पडले, बेरीज तीन, मध्यक चार वर्षं. दोन दशांशांचा फरक, आणि चौदाचे चार! एवढा फरक तर सकाळच्या आणि संध्याकाळच्या तपासणीत, किंवा दोन वेगळ्या लॅबमध्ये पडू शकतो. त्यात हे हिमोग्लोबिन आजारामुळेच उतरलंय, हे कुणी तपासलं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयाचे निघाले. त्यांना काही मगजाचा आजार नव्हता. आपल्याकडं लोह कमी असतं, बी-१२ कमी असतं, पोटात जंत असतात. हाच आजार काकूंना झाला असता, तर त्यांच्या जन्मभराच्या अर्धपोटी जेवणाचेच दोन गुण आजाराच्या खात्यात पडले असते. बार्सिलोनात किंवा इटलीत बसून पद्धती बांधणाऱ्यांचा यात दोष नाही. कबनूरच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन कशानं उतरलंय हे विचारण्याचं काम आपलं होतं.

लक्षणांचंही तेच. वर्षभरात दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं, किंवा महिनाभर टिकणारा, कारण न सापडणारा ताप किंवा घाम, याला एक गुण. एप्रिलमध्ये रात्रपाळीला मागाच्या शेडमध्ये एकदा उभं राहून बघा. वर पत्रा, हवेत सुताचा तूस, पंखा लावायची सोय नाही कारण तूस उडतो आणि धागा तुटतो. तिथल्या माणसाला “घाम येतो का?” म्हणून विचारलं तर तो काय सांगणार? आणि वजन घटणं, ताप, रात्रीचा घाम ही तर क्षयाचीच पहिली खूण. आपल्या भागात क्षय आजही घरोघर माहीत असलेला आजार आहे. क्षयानं मगजात तंतू धरल्याची उदाहरणंही वैद्यकात नोंदलेली आहेत, आणि रुक्सोलिटिनिब सुरू केल्यावर दबलेला क्षय डोकं वर काढू शकतो. म्हणून औषधाआधी क्षयाची तपासणी करून घ्यायची असते. तात्यांची ती झालीच नव्हती. आम्ही मागून घेतली. क्षय निघाला नाही. पण बी-१२ फार कमी निघालं. इंजेक्शनं सुरू केली आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.४ वर आलं.

आता हिशेब नव्यानं केला तर तात्यांचा गुण एक होतो आणि पाकिटावर १४ लिहिता येतं. मी ते लिहिणार नाही. तसं लिहिलं तर तुमची चूक मी माझ्या सोयीनं पुन्हा करीन. उद्या हिमोग्लोबिन पुन्हा उतरू शकतं, आजार पुढं सरकू शकतो. मला एवढंच दाखवायचं आहे की ज्या आकड्यावर आपण एका माणसाचा उपचार थांबवायला निघालो होतो, तो थोड्या इंजेक्शनांनी तिपटीनं हलला.

आणि समजा हललाच नसता. तात्या खरोखर त्या वरच्या मध्यम पातळीवरच असते. तर? या पातळीचा अर्थ आपण सगळ्यांनी अगदी उलटा लावला होता, हे कळलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. २०१५ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी मिळून जी शिफारस केली, तिच्यात स्पष्ट म्हटलंय की वरच्या मध्यम किंवा उच्च जोखमीच्या पातळीतल्या, सत्तरीच्या आतल्या रुग्णाचा मूळपेशी प्रत्यारोपणासाठी विचार व्हावा. आजार मुळातून जाण्याची शक्यता असलेला तेवढाच उपचार आहे. जोखीम जास्त, म्हणून मोठा उपचार करायला कारण आहे, अशी ती मांडणी आहे. आपण वाचलं : जोखीम जास्त, म्हणून घरी न्या. एका कागदावरून तज्ज्ञ म्हणतात हलवा आणि घरचे म्हणतात राहू द्या! प्रत्यारोपणात जीवाला धोका असतो, आणि तो थोडाथोडका नाही. भावंडाचा मगज जुळण्याची शक्यता चारात एक. तात्यांना तो उपचार झेपेल की नाही, हे प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरनं ठरवायचं आहे. पण त्या डॉक्टरसमोर जायचंच नाही, हे आपण घरातल्या बैठकीत परस्पर ठरवून मोकळे झालो होतो. या देशात मगजाचं पहिलं प्रत्यारोपण १९८३ साली आपल्याच मुंबईत, टाटा मेमोरियलमध्ये, डॉ. सुरेश अडवाणींनी केलं. कोल्हापूरहून सुटणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस एका रात्रीत तिथं पोचवते.

“आकडा थोडा इकडं-तिकडं होईल, पण मरण टळतं का?” असं तुम्ही विचारलं होतंत. मग मगजाच्याच दुसऱ्या जुनाट आजाराचं ऐका. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, सीएमएल. त्यासाठी १९८४ साली जोसेफ सोकाल यांनी गुणपद्धती काढली : वय, पानथरी बरगडीखाली किती सेंटिमीटर, प्लेटलेट किती, अपक्व पेशी किती. आठशेवर रुग्णांच्या नोंदींवरून बांधलेली, पक्की पद्धती. त्या काळी सीएमएलचा रुग्ण म्हणजे चार-पाच वर्षांचा सोबती असंच धरायचे. हो, तेच चार. २००१ साली इमॅटिनिबची गोळी आली. ज्या मोठ्या चाचणीत ती रुग्णांना दिली गेली, तिच्यात दहा वर्षांनंतर शंभरातले ८३ हयात होते. वय तेच, पानथरी तेवढीच, प्लेटलेट तेवढेच, आणि आयुष्य दुसरंच. गुणपद्धतीला पुन्हा नव्यानं, इमॅटिनिब घेतलेल्या रुग्णांवरून, बांधावं लागलं.

त्यातही आपल्या देशातला भाग कुठल्याच गुणपद्धतीत नाही. नोव्हार्टिसच्या ग्लिवेकचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळायची. पेटंट कंपनीला मिळालं असतं तर ही स्वस्त गोळी बंद झाली असती. पेटंटला विरोध करायला मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन उभी राहिली. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं अर्ज फेटाळला, पुढं सात वर्षं कज्जा चालला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठानं पेटंट कायद्याच्या कलम ३ (डी) चा आधार घेऊन कंपनीचं अपील फेटाळलं. किती घरांत माणूस राहिला तो या निकालानं राहिला. २००० साली एखाद्या सीएमएलच्या रुग्णाच्या घरी तुमच्यासारखे पाहुणे बसले असते, आणि “चार-पाच वर्षंच आहेत, कशाला खर्च” म्हणून त्यांनी औषधपाणी थांबवलं असतं, तर तो माणूस वर्षभरावर आलेल्या गोळीपर्यंत पोचलाच नसता.

मायलोफायब्रोसिसवर उद्या तशी गोळी येईल असं मी म्हणत नाही. खोटी आशा दाखवणं हेही पाप आहे.

पण आज हातात असलेल्या उपचारातही किती काही आपल्या हातात असतं! लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डेव्हिड मारिन आणि सहकाऱ्यांनी इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या बाटल्यांना चिप असलेली झाकणं बसवली आणि तीन महिने मोजलं की बाटली रोज उघडते का. २०१० साली निष्कर्ष छापला. गोळ्या नव्वद टक्क्यांहून जास्त नियमानं घेणाऱ्यांत, आजार अगदी कमी पातळीवर उतरण्याची सहा वर्षांतली शक्यता ९४.५ टक्के. त्याहून कमी घेणाऱ्यांत २८.४ टक्के. वय, पानथरी, प्लेटलेट यांनी जेवढा फरक पडत नाही, तेवढा गोळी चुकण्यानं पडतो. आणि गोळी का चुकते? आपल्याकडं ती मजुरी चुकल्यानं चुकते. खाडा पडेल म्हणून तपासणीची तारीख पुढं ढकलली जाते. आणि कधी कधी “आता काय उपयोग” असं कुणी घरातलंच बोलतं म्हणून चुकते. तुमचं वाक्य, पाहुणे, तात्यांच्या आयुष्याच्या हिशेबातली एक रक्कम आहे.

या सगळ्यामागं तुमचा जो खरा मुद्दा आहे, तो मी टाळणार नाही. पैसा. चार मागांपैकी दोन विकले तरी प्रत्यारोपणाचा खर्च निघणार नाही. दोन पोरांची शिक्षणं आहेत. काकूंचं म्हातारपण आहे. हे सगळं खरं आहे, आणि तुम्ही हे बोललात यात काही वावगं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तुम्ही “पैसे नाहीत” असं म्हणाला असतात, तर आम्ही पैशाच्या मागं लागलो असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटलो असतो, टाटाच्या समाजसेवा विभागात बसलो असतो, सोसायटीकडं, भावकीकडं हात पसरले असते. तुम्ही म्हणालात “दिवस नाहीत”. त्याला कुणाकडं हात पसरायचा? पैशाची अडचण होती ती तुम्ही आयुष्याची अडचण म्हणून मांडलीत, आणि तिला संशोधनाचा शिक्का लावलात. गरिबाच्या घरात हा शिक्का फार लवकर उमटतो. पैसेवाल्याच्या घरी हाच आकडा गेला असता तर तिथं कुणी “चार वर्षं म्हणजे चार वर्षं” म्हणालं नसतं. तिथं दुसऱ्या डॉक्टरचा नंबर फिरवला असता.

त्याच बैठकीत आमच्या आक्कानं दुसरं टोक गाठलं. “त्याला काही सांगू नका, खचंल.” आक्का, तुझी माया मला कळते, पण मला हेही पटत नाही. ज्याचं शरीर, ज्याचे माग, त्याच्या पाठीमागं आपण त्याच्या वर्षांची वाटणी करत होतो. पंधरा दिवसांनी तात्यांनी मला शेडमध्ये गाठलं. माग चालू होते, बोललेलं कुणाला ऐकू जाणार नाही याची खात्री करून त्यांनी कानाशी येऊन विचारलं, “मला किती दिवस सांगितल्यात?” त्यांनी पाकीट आधीच बघितलं होतं. घरातल्या सगळ्यांत जास्त काळ तो आकडा त्यांनीच एकट्यानं बाळगला होता. तोवर मला कळलं होतं ते सगळं मी त्यांना सांगितलं, अगदी सावकाश. गट म्हणजे काय, मध्यक म्हणजे काय, कोण माणसं होती, कोणत्या साली. चार वर्षांत माणसं जातात हेही सांगितलं, आणि दहा-दहा वर्षं काढतात हेही. ते ऐकून घेऊन म्हणाले, “मग त्या बीमचं सूत उतरवून घेऊ नको. विणतो मी.”

अंदाज वर्तवू नये असं माझं म्हणणं नाही. डॉक्टरांनी जरूर सांगावं. पण पाकिटाच्या मागं एक आकडा लिहून नव्हे. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, कुठल्या काळच्या रुग्णांवरून, आणि पुढं कशानं बदलू शकतं, हे समोर बसवून सांगावं, आणि तीन-सहा महिन्यांनी पुन्हा मोजावं. आता तर रुक्सोलिटिनिब सुरू केल्यावर सहा महिन्यांत पानथरी किती उतरली, रक्त चढवावं लागलं का, गोळीचा डोस किती झेपला, यावरून अंदाज बांधायची पद्धतीही २०२२ पासून आली आहे. ती रुग्णाला औषधासकट बघते. तात्यांची जनुकीय चाचणीही आम्ही पाठवली आहे. एएसएक्सएल-१ सारख्या काही जनुकांत दोष निघाला तर जोखीम जास्त धरतात. तो निघाला तर आम्ही ऐकून घेऊ.

पाहुणे, बैठकीला तुम्ही मुद्दाम रजा काढून आला होतात. सोमवारी रात्री तात्यांना घेऊन मी मुंबईला निघतोय. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ मिळाली आहे. तिसरं तिकीट तुमच्या नावानं काढलंय. या, आणि जो प्रश्न तुम्ही आम्हाला विचारलात तो त्यांना विचारा, तात्यांच्या समोर.